विल्यम्स लेकचं ओंडक्यांचं पर्यटन केंद्र: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी त्या इमारतीत जेमतेम वीस मिनिटं होतो. स्वच्छतागृह, फुकटचा नकाशा, मुलीने मधल्या खांबाला मिठी मारलेला एक फोटो, आणि परत गाडीत. दुसऱ्या खेपेला सासरे बरोबर होते. अप्पांनी राजापूरकडचं घर सुतारांच्या डोक्यावर उभं राहून बांधून घेतलेलं. ते आत शिरले, नकाशांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि जाड ओंडका खांबाला मिळतो त्या सांध्यात बोटाचं नख घालून बघायला लागले. नख जाईना. "अरे, ह्यात भरलंय तरी काय? भुसा नाही, सरस नाही..." त्या दिवशी आम्ही तिथे अडीच तास होतो.

तुमची पहिली खेप आमच्या दुसरीसारखी व्हावी म्हणून हे लिहितोय. कॅनडात नव्याने आलेले विद्यार्थी, त्यांच्याकडे उन्हाळ्यात येणारे आई-बाबा आणि गाडी भाड्याने घेऊन ब्रिटिश कोलंबियाच्या आतल्या भागात जाऊ पाहणारे, अशांच्या हे उपयोगी पडेल.

कुठे, आणि कशात काय

विल्यम्स लेक हे कॅरिबू-चिलकोटिन भागाचं मुख्य गाव. दक्षिणेकडून हायवे ९७ ने गावात शिरताना साउथ ब्रॉडवेवर ही ओंडक्यांची मोठी इमारत लागते. नाव 'टुरिझम डिस्कव्हरी सेंटर'. एकाच छपराखाली प्रवाशांना माहिती देणारा काउंटर आहे आणि 'म्युझियम ऑफ द कॅरिबू चिलकोटिन' हे संग्रहालयही. बीसीच्या, म्हणजे ब्रिटिश कोलंबियाच्या, नामवंत काउबॉयांचा मान राखणाऱ्या 'बीसी काउबॉय हॉल ऑफ फेम'चं बिऱ्हाडही त्याच संग्रहालयात. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, तेव्हा निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

पहिली पायरी: ऋतू आणि रस्ता

कामलूप्सहून कॅश क्रीकमार्गे साधारण तीन तास, व्हँकुव्हरहून सहा ते साडेसहा. व्हँकुव्हरवाल्यांनी होप गावानंतर हायवे १ धरून फ्रेझरच्या दरीतून यावं. वळणं जास्त आहेत, पण नदी सोबत असते.

जून ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा हा सोपा काळ. जूनअखेर ते १ जुलैच्या सुमारास विल्यम्स लेक स्टॅम्पीड असतो. १९२० च्या दशकापासून चालत आलेला हा रोडिओ, म्हणजे काउबॉयांच्या कसरतींचा मेळा, बघायचा तर खोली काही महिने आधी ठरवा, आणि बघायचा नसेल तर ते दिवस सरळ टाळा. जुलै-ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर असू शकतो. जुलै २०१७ मध्ये हे अख्खं गाव रिकामं करावं लागलं होतं, त्यामुळे इथले लोक धुराची चौकशी आपण पावसाची करतो तितक्या सहज करतात. १ ऑक्टोबरपासून इकडच्या बहुतेक रस्त्यांवर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. भाड्याच्या गाडीला ते आहेत का, हे चावी घेतानाच विचारा, कारण गाडी देणारे आपणहून सांगतीलच असं नाही. माझ्या बाबतीत सांगितलं नव्हतं.

वाटेत एक थांबा, आणि तो टाळू नका

नकाशावर '१०० माइल हाउस', '१०८ माइल रँच', '१५० माइल हाउस' अशी नावं दिसतील. सोन्याच्या शोधात माणसं उत्तरेकडे धावली त्या १८६० च्या दशकात लिलूएट हे गाव शून्य धरून वाटेवरच्या खानावळींना मैलांची नावं पडली, तीच पुढे गावांना चिकटली. आपल्याकडे मैलाचे दगड नुसते उभे राहिले, इथे त्यांची गावं झाली.

१०० माइल हाउसच्या माहिती केंद्राबाहेर बारा मीटर उंचीची स्की उभी करून ठेवली आहे. फोटो काढा आणि पुढे सरका. खरं थांबायचं ते थोडं उत्तरेला, १०८ च्या हेरिटेज साइटवर. तिथे १९०८ साली क्लाइड्सडेल जातीच्या अवजड घोड्यांसाठी बांधलेला ओंडक्यांचा प्रचंड तबेला आहे. हा आधी बघितलात तर विल्यम्स लेकची इमारत दुप्पट कळते. तबेल्यात ओंडके गरजेपोटी लावलेत, कारण लाकूड दारात होतं, खिळे-विटा नव्हत्या. शंभर वर्षांनी पर्यटन केंद्रात तेच ओंडके हौसेने, अभिमानाने लावले. मधल्या काळात गरजेची कला हौसेची झाली, आणि तिचा इथे मोठा धंदाही झाला.

दुसरी पायरी: आत घाई करू नका, आधी इमारत वाचा

हा भाग लांबणार आहे. कंटाळा आला तर पुढे काउंटरवर जा, पण मग परत येऊन वाचा.

ओंडक्यांची बांधणी मुख्यतः दोन जातींची. एकीत आडवे ओंडके एकावर एक रचून भिंतच उभी करतात आणि कोपऱ्यात ते एकमेकांवरून जातात, लहानपणी आगपेटीच्या काड्यांचं घर करायचो तसं. दुसरीत उभे खांब नि आडव्या तुळया भार घेतात, मधली भिंत कशाचीही असू शकते. आपला वाडा ह्या दुसऱ्या जातीचा. सागवानी खांब, खाली दगडी तळखडा, वर तुळई. एकाच इमारतीत दोन्ही जाती मिसळलेल्याही असतात. तेव्हा बाहेरून एक फेरी मारा आणि भार कुठे आडव्यांवर आहे, कुठे उभ्यांवर, ते ओळखायचा खेळ करा. मुलांना हा खेळ फार आवडतो.

आता अप्पांच्या नखाची गोष्ट. ओंडका कधीच सरळ रूळ नसतो. बुंध्याकडे जाड, शेंड्याकडे बारीक, मध्ये गाठी आणि फुगवटे. असे दोन ओंडके एकमेकांवर ठेवले तर फटी राहणारच. म्हणून सुतार वरचा ओंडका जागेवर ठेवून कंपाससारखं एक हत्यार चालवतो. त्याला 'स्क्राइबर' म्हणतात. एक टोक खालच्या ओंडक्याच्या अंगावरून फिरतं, दुसरं टोक खालचा प्रत्येक उंचवटा जसाच्या तसा वरच्या ओंडक्यावर रेघेने उतरवतं. हत्यार तिरकं होऊ नये म्हणून त्यावर पाण्याच्या बुडबुड्याची पातळी बसवलेली असते. मग वरचा ओंडका उलटा करून त्या रेघेबरहुकूम साखळी-करवतीने पोटाला लांबलचक पन्हळ कोरतात. पन्हळ आतून जरा जास्त खोल ठेवतात, म्हणजे फक्त दोन्ही कडा खालच्या लाकडावर टेकतात. आतल्या पोकळीत उबेसाठी लोकर किंवा तसलं काही भरतात. वजन पडलं की कडा आणखी घट्ट बसतात. खांबाला आडवा ओंडका मिळतो तिथेही हीच युक्ती. नख जात नाही ते यामुळे.

कोपऱ्याची खाच बघताना एकच गोष्ट लक्षात ठेवा. चांगल्या कामात ती वरच्या ओंडक्याच्या पोटाला असते, खालच्याच्या पाठीवर नाही. पाठीवर खाच म्हणजे पाणी साठायला वाटी. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

लाकडावर लांब भेगा दिसतील. घाबरू नका, ते काम बिघडल्याचं लक्षण नव्हे. जाड ओंडका वाळताना फुटतोच, प्रश्न फक्त कुठे फुटणार एवढाच असतो. म्हणून जाणता सुतार ओंडक्याच्या वरच्या अंगाला मुद्दाम एक करवतीची खोल रेघ पाडून ठेवतो. भेग तिथे जाते आणि वरच्या ओंडक्याखाली झाकली जाते.

आणि सगळ्यात मजेशीर भाग. लाकूड लांबीत जवळपास आक्रसत नाही, जाडीत आक्रसतं. म्हणजे ओल्या ओंडक्यांची आडवी रचलेली भिंत काही वर्षांत खाली बसते. ढोबळ हिशेब सहा टक्क्यांचा. अडीच मीटरची भिंत पंधरा सेंटिमीटर बसेल असं धरून चालतात. पण तिच्या शेजारचा उभा खांब? तो तेवढाच राहतो. काहीच केलं नाही तर छप्पर खांबावर लटकेल आणि भिंत खाली सुटेल. म्हणून अशा घरात खांबाच्या टोकाशी मोठा लोखंडी स्क्रू बसवतात आणि दर काही महिन्यांनी पान्याने थोडा थोडा उतरवतात. खिडक्यांच्या वर रिकामी जागा सोडून ती पट्टीने झाकतात. नाहीतर बसणारी भिंत काच फोडेल. कुठल्याही ओंडक्यांच्या घरात गेलात तर ह्या दोन जागा शोधा. यजमान खूश होतो, कारण सहसा हे कोणी विचारत नाही.

साल कशी काढली हेही अंगावर वाचता येतं. वसंतात झाडात रस चढलेला असताना साल भिजवलेल्या बदामासारखी सुटते आणि खालचं लाकूड गुळगुळीत राहतं. इतर वेळी दोन मुठींची, दोन्ही हातांनी अंगाकडे ओढायची सुरी चालवावी लागते, तिचे लांब चपटे घाव राहतात. हात फिरवून बघा. (पाटी नसेल तरच. संग्रहालयाच्या भागात वस्तूंना हात लावू नका, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.)

इथली मोठी घरं बहुतेक बांधणाऱ्याच्या आवारातच पूर्ण उभी करतात. प्रत्येक ओंडक्याला खूण देतात, सगळं उतरवून ट्रकवर चढवतात आणि जिथे हवं तिथे क्रेनने पुन्हा रचतात. विल्यम्स लेकच्या कारागिरांनी अशी घरं परदेशातही पाठवली आहेत, त्यांच्यावर टीव्ही मालिकाही झाली.

तिसरी पायरी: मधला खांब

आत गेलात की मध्यभागी तो दिसतोच, वेगळं शोधावं लागत नाही. वेस्टर्न रेड सिडार ह्या झाडाचा अख्खा बुंधा, वय सात शतकांहून जास्त. अप्पांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाले, "म्हणजे माउली ज्ञानेश्वरी सांगत होते, त्या सुमाराचं रोप." ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ.स. १२९० ची. हिशेब जुळतो. इतकं जुनं झाड तोडावं का, हा प्रश्न आमच्या मुलीने विचारला. मला उत्तर देता आलं नाही. तुमची मुलंही विचारतील, तयारी ठेवा.

एक गोष्ट मात्र तिला सांगितली. हा खांब आजूबाजूच्या टेकड्यांवरचा नसणार. विल्यम्स लेकचा परिसर कोरडा, गवताळ, गुराढोरांचा. इथे डग्लस फर आणि लॉजपोल पाइन वाढतात. सिडारला भरपूर पाऊस लागतो, तो किनाऱ्याकडे किंवा पूर्वेच्या ओल्या डोंगरांत मिळतो. खांबाकडे बघतानाच ह्या प्रदेशाचा अर्धा भूगोल सांगून होतो.

चौथी पायरी: संग्रहालय, दोन्ही बाजूंनी

खोगिरं, लगाम, गुरांना डाग द्यायच्या सळया, जुने फोटो. काउबॉयची गोष्ट रंगतदार आहे आणि ती मनापासून बघा. पण ही जमीन रिकामी नव्हती. विल्यम्स लेकच्या भोवती सेक्वेपेमक लोक, पश्चिमेच्या पठारावर त्सिलकोटिन, आणखी पलीकडे, किनाऱ्याकडच्या बेला कूलाला, नुहाल्क. 'विल्यम्स लेक' हे नावच विल्यम नावाच्या सेक्वेपेमक प्रमुखावरून आलं.

त्सिलकोटिनांची गोष्ट माहीत करून मगच पठारावर जा. १८६४ मध्ये त्यांच्या मुलखातून रस्ता काढण्यावरून संघर्ष झाला, बोलणीसाठी म्हणून बोलावलेल्या प्रमुखांना पकडून फाशी दिलं. कॅनडाच्या सरकारने ते निर्दोष असल्याचं २०१८ मध्ये संसदेत मान्य केलं. त्याआधी २६ जून २०१४ ला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा जमिनीवरचा मूळ हक्क मान्य केला. असा हक्क एखाद्या ठरावीक भूभागावर जाहीर होण्याची ती देशातली पहिली वेळ.

आणि तुमची मुलं ३० सप्टेंबरला शाळेत नारिंगी शर्ट घालून जातात ना? तो दिवस ह्याच गावातून सुरू झाला, २०१३ मध्ये. फिलिस वेबस्टॅड सहा वर्षांच्या असताना, १९७३ साली, आजीने घेऊन दिलेला नवा नारिंगी शर्ट इथल्याच निवासी शाळेत (मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून जिथे ठेवत, तसली शाळा) पहिल्या दिवशी काढून घेतला गेला, तो परत मिळाला नाही. मुलीला हे मी त्या इमारतीतच सांगितलं. घरी सांगितलं असतं तर एवढं पोचलं नसतं.

पाचवी पायरी: काउंटरवर काय विचारायचं

"इथे बघण्यासारखं काय आहे?" असं विचारलंत तर माहितीपत्रकांचा गठ्ठा मिळतो. सगळ्यांना तोच मिळतो. त्याऐवजी असं बोला: "आमच्याकडे साधी गाडी आहे, बरोबर सत्तरीचे दोघं आहेत, संध्याकाळपर्यंत परत यायचंय. आज कुठे जाऊ?" मग समोरचा माणूस पेन काढतो आणि नकाशावर खुणा करायला लागतो. ती खूण केलेली घडी हीच ह्या केंद्राची खरी देणगी.

हे नक्की विचारा:

- पश्चिमेला पठारावर जाणारा हायवे २० आज कसा आहे, कुठे काम किंवा आग आहे का? फोनवर 'ड्राइव्ह बीसी' हे रस्त्यांची हालहवाल सांगणारं सरकारी संकेतस्थळ बघता येतं, पण पठारावर लांब पट्ट्यांत फोनला रेंज नसते. कागदी नकाशा घ्या.
- पुढचा पेट्रोल पंप नेमका कुठे, आणि तो किती वाजेपर्यंत उघडा?
- चिलकोटिन नदीवरच्या फारवेल कॅन्यन ह्या दरीचा मातीचा रस्ता भाड्याच्या गाडीने करण्यासारखा आहे का? गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याला मनाई असेल, तेही वाचून ठेवा.

तिसरा प्रश्न उगाच नाही. जुलै २०२४ च्या अखेरीस चिलकोटिन नदीवर दरड कोसळली, नदी तुंबून तळं झालं आणि काही दिवसांनी पाणी बांध फोडून निघालं. असल्या गोष्टी फोनच्या नकाशाआधी काउंटरवरच्या बाईंना कळलेल्या असतात.

जेवणाचंही विचारून घ्या. शाकाहारी मंडळींना पलीकडच्या पठारावर चिप्स आणि चीज सँडविच एवढाच आधार, तेव्हा पोळी-भाजी, दशम्या बरोबर हव्यात. गावात मात्र गुरुद्वारा आहे. लाकूड गिरण्यांत कामाला आलेली पंजाबी कुटुंबं इथे काही पिढ्या आहेत. डोकं झाकून, चपला काढून जा, नम्रपणे बसा. लंगरात एका आजोबांनी अप्पांना हिंदीत विचारलं, "बंबई से हो?" आणि दोघं तासभर लाकडाच्या भावावर बोलत बसले.

सहावी पायरी: काय घ्यावं

फ्रिजवरचे चुंबक आणि कॉफीचे मग कुठेही मिळतात. गावातल्या जुन्या रेल्वे स्टेशनात 'स्टेशन हाउस गॅलरी' आहे. रेल्वे १९१९ मध्ये इथवर पोचली, गाव तिच्याभोवती वाढलं. तिथे स्थानिकांनी केलेल्या वस्तू बघायला मिळतात. बर्चच्या सालीच्या टोपल्या, हरणाच्या कातड्यावरचं मणीकाम ही इथल्या मूळ रहिवाशांची जुनी कला. किंमत जास्त वाटेल, घासाघीस करू नका, पण "हे कोणी केलं?" जरूर विचारा. करणाऱ्याचं नाव सांगता येत नसेल तर मी घेत नाही.

निळसर झाक असलेल्या पाइनचा एखादा वाडगा दिसला तर उचलून बघा. तो रंग लावलेला नसतो. ह्या शतकाच्या सुरुवातीला भुंगेऱ्यांनी इथली पाइनची जंगलं मोठ्या प्रमाणावर मारली. भुंगेरा बरोबर एक बुरशी आणतो, तिचा तो निळा डाग. मेलेल्या जंगलातून कारागिरांनी काढलेली वस्तू आहे ती.

तिथून पुढे

एकच दिवस असेल तर हायवे २० ने पश्चिमेला निघा. साधारण पंचवीस किलोमीटरवर शीप क्रीकचा पूल फ्रेझर ओलांडतो, नंतर रस्ता चढून पठारावर येतो. आणखी पुढे रिस्की क्रीकला डावीकडे फारवेल कॅन्यनचा फाटा. तिथे वाऱ्या-पावसाने कोरलेले मातीचे सुळके, वाळूची टेकडी आणि खडकांवर त्सिलकोटिनांची जुनी चित्रं आहेत. चित्रांना हात लावायचा नाही. हंगामात ते लोक लांब दांड्याच्या जाळ्याने सामन मासे पकडत असतात. बघायला हरकत नाही, पण फोटोआधी विचारा.

दोन-तीन दिवस असतील तर हायवे २० शेवटपर्यंत, बेला कूलाला. साडेचारशे किलोमीटर. हेकमन खिंडीच्या १५२४ मीटर उंचीवरून रस्ता एकदम खाली सुटतो, काही ठिकाणी उतार १८ टक्के, बराच भाग कच्चा, कडेला कठडा नाही. सरकार रस्ता करेना म्हणून लोकांनीच दोन्ही बाजूंनी बुलडोझर लावून १९५३ मध्ये तो जोडला, म्हणून 'फ्रीडम रोड'. वरंधा-ताम्हिणी चालवलेल्यांना पहिल्या गिअरची सवय असते, त्यांनी फार घाबरू नये. ऑटोमॅटिक गाडीतही गिअर खाली आणता येतो, तो कसा हे घाट उतरायच्या आधी सपाटीवर शिकून घ्या. मी मध्यावर शिकलो. अप्पा शेजारी बसून रामरक्षा म्हणत होते, आणि तीही चुकत होते.

बेला कूलाहून व्हँकुव्हर बेटावरच्या पोर्ट हार्डीला फेरीबोटीने जायचं असेल तर आरक्षण विल्यम्स लेक सोडण्यापूर्वीच हातात असू द्या. टाकीही विल्यम्स लेकलाच पूर्ण भरा.